यंत्राला बीड समजावताना

'2024-25' हे वर्ष नेमकं कधी सुरू झालं? बीडच्या कोषागारात उत्तर मिळेल, 1 एप्रिलला. तहसील कचेरीतलं महसूल वर्ष 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपतं. साखर कारखान्याच्या शेती विभागात 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर हा हंगाम धरतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्ष जूनमध्ये उघडतं. चारही ठिकाणची माणसं बरोबर आहेत. त्यांचा आपसांत गोंधळ होत नाही, कारण कुणाशी बोलतोय ते प्रत्येकाला ठाऊक असतं.

आता समजा, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांची शाळेतली हजेरी नोंदवणारं एखादं सॉफ्टवेअर बीडमध्ये तयार होतंय आणि कोड लिहायला एआय साहाय्यक घेतला आहे. त्याला 'वर्ष' नावाचा रकाना दिला, की तो चारांपैकी एक अर्थ स्वतःच निवडतो आणि पुढे जातो. कोड चालतो, टेस्टही पास होतात, कारण टेस्टही त्याच समजुतीवर लिहिलेल्या असतात. चुकतो तो फक्त अहवालातला आकडा. कारखान्याच्या तळावर गेलेलं मूल एका वर्षात गैरहजर दिसतं आणि दुसऱ्या वर्षाच्या यादीत त्याचं नावच नसतं.

असे अर्थ यंत्राला आधीच सांगून ठेवण्यासाठी गेल्या काही वर्षांत एक साधी पद्धत रूढ झाली आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक सूचना-फाइल ठेवायची. साहाय्यक काम सुरू करताना ती आधी वाचतो. ही फाइल कशी लिहावी, तिचा उपयोग किती आणि धोके कोणते, या प्रश्नावर जगभर बरंच लिहिलं गेलं आहे. त्यातला मोठा भाग मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांच्या कोडबद्दल आहे. माझ्या मते या फाइलची खरी गरज बीडसारख्या जिल्ह्यात जास्त आहे, कारण इथल्या कामाचं ज्ञान इंटरनेटवर कमी आणि माणसांच्या तोंडी जास्त आहे.

इतिहास थोडक्यात असा. गिटहब कोपायलट जून 2021 मध्ये चाचणीसाठी खुला झाला, तेव्हा तो आसपासचा कोड पाहून पुढची ओळ सुचवत असे. पुढे साहाय्यक स्वतः फाइली उघडू लागले, आज्ञा चालवू लागले, टेस्ट लावू लागले. मग त्यांना प्रकल्पाचे नियम सांगायची सोय आली. कर्सर या संपादकाने स्वतःची नियम-फाइल आणली, कोपायलटने आपली, 2025 मध्ये आलेल्या क्लॉड कोडने 'क्लॉड डॉट एमडी' हे नाव घेतलं. प्रत्येक साधनाची वेगळी फाइल सांभाळणं जड जाऊ लागलं, म्हणून त्याच वर्षी 'एजंट्स डॉट एमडी' हे सामायिक नाव पुढे आलं. डिसेंबर 2025 मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील संस्थेकडे सोपवण्यात आलं. आज बहुतेक साधनं ते वाचतात. ज्यांना वेगळं नाव लागतं त्यांच्यासाठी एका ओळीत मूळ फाइलीकडे बोट दाखवलं की पुरतं.

फाइलीचं काम काय, हे एका उदाहरणाने पटकन कळतं. बदलून आलेल्या तलाठ्याला सजाचं दप्तर मिळतं, पण दप्तरात नसलेलं गाव त्याला कोतवालाकडून कळतं: कोणत्या गटाची मोजणी वादात आहे, कोणत्या वस्तीला नकाशावर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरं आहे. सूचना-फाइल ही त्या कोतवालाची जागा आहे. कोड हे दप्तर आहे, साहाय्यक ते भराभर वाचू शकतो. त्यात जे लिहिलेलंच नाही, तेवढंच फाइलीने सांगायचं.

इथेच बहुतेक फाइली फसतात. 'स्वच्छ कोड लिही', 'चांगली नावं दे', 'काळजीपूर्वक काम कर' अशा ओळींनी पानं भरतात. साहाय्यक हे न सांगताही करायला बघतो, त्यामुळे या ओळींतून त्याला नवं काही मिळत नाही आणि जागा मात्र जाते. जागा जाणं ही इथे खरी अडचण आहे. साहाय्यकामागच्या भाषेच्या प्रारूपाला (लँग्वेज मॉडेलला) आधीच्या सत्रातलं काही आठवत नाही. प्रत्येक वेळी फाइल नव्याने त्याच्यासमोर ठेवली जाते आणि त्याच्या मर्यादित संदर्भात, म्हणजे एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरात, कोड, संभाषण, टेस्टचे निकाल यांच्याबरोबर बसते. लांबलचक मजकुरात मधोमध पडलेली माहिती प्रारूपं कमी वापरतात, सुरुवातीची आणि शेवटची जास्त, हे स्टॅनफर्डच्या आणि इतर संशोधकांनी 2023 मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर प्रारूपं सुधारली, तरी वीस नियमांतल्या सतराव्याकडे दुर्लक्ष होण्याचा अनुभव रोज वापरणाऱ्यांना अजून येतो. म्हणून फाइल एकदोन पानांत बसावी आणि सर्वांत महागात पडणाऱ्या चुकीबद्दलची ओळ सर्वांत वर असावी.

न लिहिलेलं ज्ञान किती महाग पडतं, याचा एक आकडा 2025 मध्ये मिळाला. मेटर या संशोधन संस्थेने 16 अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली 246 कामं दिली, काही एआय वापरून आणि काही न वापरता. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला. विशेष म्हणजे काम संपल्यावरही आपण 20 टक्के वेगाने काम केलं, असंच त्यांना वाटत होतं. कारणांची चर्चा करताना संशोधकांनी एक गोष्ट नोंदवली: या लोकांच्या डोक्यात प्रकल्पाबद्दलचं जे न लिहिलेलं ज्ञान होतं, ते यंत्रापाशी नव्हतं. हा अभ्यास लहान आहे आणि साधनं त्यानंतर बदलली आहेत. तरी दुखणं कुठे आहे ते त्यातून कळतं.

बीडमध्ये हे न लिहिलेलं ज्ञान कोणतं?

पहिलं, पीकविम्याचं. 'बीड पॅटर्न' हे नाव आज महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे. विमा कंपन्या जिल्ह्यात यायला तयार नव्हत्या, तेव्हा 2020 च्या खरिपात सरकारी कृषी विमा कंपनीबरोबर 80-110 चं सूत्र ठरलं. पुढे 2022 पासून ते राज्यभर लागू झालं. सूत्र तोंडी असं सांगतात: भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याचा, कमी झाली तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करायचे. ऐकणाऱ्याला हे पुरतं. हेच वाक्य जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं तर काय होतं, पाहा. एकूण हप्ता 100 कोटी आणि भरपाई 60 कोटी असेल तर उरले 40, कंपनीचे 20, परत 20. बरोबर. भरपाई 85 कोटी असेल तर? 100 मधून 85 गेले, त्यातून कंपनीचे 20 काढले, उत्तर उणे 5. म्हणजे राज्यानेच कंपनीला 5 कोटी द्यायचे, असा निष्कर्ष यंत्र मुकाट्याने काढतं. खरं तर 80 ते 100 च्या पट्ट्यात उरेल तेवढं कंपनीकडे राहतं, परतावा शून्य. 100 ते 110 च्या पट्ट्यात तोटा कंपनीचा. 130 झाले तर कंपनीचे 110 आणि राज्याचे 20.

सूचना-फाइलीत हे लिहायची माझ्या मते सर्वांत चांगली रीत म्हणजे नियम एका वाक्यात आणि त्याखाली हीच चार उदाहरणं: 60, 85, 105, 130, प्रत्येकापुढे शेतकरी, कंपनी आणि राज्य या तिघांच्या वाट्याची रक्कम. साहाय्यक उदाहरणांवरून टेस्ट बनवतो, आणि कोड न वाचणारा कृषी विभागातला कर्मचारीही तीच उदाहरणं तपासून सही करू शकतो. 'टक्के कशाचे' हेही स्पष्ट लिहावं: एकूण हप्त्याचे, म्हणजे शेतकरी, राज्य आणि केंद्र यांचा मिळून जो होतो त्याचे.

याच विषयात आणखी एक सापळा आहे. 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपया होता. 2025 च्या खरिपात ती सवलत गेली आणि खरिपाला 2, रब्बीला 1.5, नगदी पिकांना 5 टक्के हा हिस्सा पुन्हा आला. साहाय्यकाचं शिक्षण ज्या मजकुरावर झालं त्याची एक शेवटची तारीख असते. 'एक रुपयात पीकविमा' या योजनेवर त्या काळात एवढं लिहिलं गेलं, की यंत्राला तेच चालू वाटणं साहजिक आहे. दर फाइलीत लिहूच नयेत. ते वर्षासह वेगळ्या तक्त्यात ठेवावेत, आणि फाइलीत एवढंच सांगावं: कोणताही दर कोडमध्ये घालू नकोस, आठवणीतून तर मुळीच नको, हंगामानुसार तक्त्यातून घे. ऊसतोडणीच्या दरांनाही हेच लागू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरली. ज्याच्या कोडमध्ये जुना दर रुतून बसला असेल, त्याचा हिशेब मजुराच्या विरोधात चुकतो.

दुसरं, मोजमाप. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. मुकादमाशी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरते ती कोयत्यावर. साहाय्यकाला संख्येचा रकाना दिसतो आणि तो माणसांची संख्या समजतो. अशा चुकीत बहुतेक वेळा बाई गळते, कारण नोंद नवऱ्याच्या नावावर असते. ओळखपत्र, आरोग्य तपासणी, वसतिगृहात मुलांना प्रवेश, सगळं त्या नोंदीवर चालतं. फाइलीत म्हणून एवढी ओळ हवीच: कोयता हे करारातलं एकक आहे, व्यक्ती नव्हे, प्रत्येक व्यक्तीची नोंद वेगळी, बाईची नोंद नवऱ्याच्या नोंदीला जोडलेली असली तरी तिच्याविना पुरी होत नाही.

जमिनीचंही तसंच. सातबाऱ्यावर 1.20 म्हणजे 1 हेक्टर 20 आर, आणि 100 आरचा एक हेक्टर असल्यामुळे तो साधा दशांश अपूर्णांक आहे. पण कुणी वहीत '1.20 एकर' लिहितं तेव्हा त्याच्या मनात एक एकर वीस गुंठे असतात, म्हणजे दीड एकर, कारण एकराचे गुंठे 40. एकाच आकड्यातून एकदा जवळजवळ तीन एकर निघतात आणि एकदा दीड. कोणत्या रकान्यात कोणतं एकक येतं आणि कागदावरून आलेला एकर-गुंठ्यांचा आकडा कसा फोडायचा, हे फाइलीत उदाहरणासह लिहावं. सॉफ्टवेअरच्या आत एकच एकक ठेवावं, मला चौरस मीटर सर्वांत निर्धोक वाटतं.

तिसरं, नावं. आष्टी तालुका बीडमध्ये आहे आणि वर्धा जिल्ह्यातही. शिरूर कासार आपला, शिरूर पुण्याचं, शिरूर अनंतपाळ लातूरचं. 2011 च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीडचं स्पेलिंग 'बिड' असं वाचावं लागतं, गेवराईचं 'जिओराई', माजलगावचं 'मांजलेगाव', अंबाजोगाईचं 'अंबेजोगाई'. जुन्या निजामी कागदांत तीच अंबाजोगाई मोमिनाबाद आहे. शेजारच्या औरंगाबाद आणि उस्मानाबादचं 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झालं, अहमदनगरचं त्यानंतर अहिल्यानगर. नावावरून दोन तक्ते जोडायला सांगितलं, की साहाय्यक अक्षरांचं साधर्म्य पाहून जोडतो आणि आष्टीची गावं वर्ध्यात जाऊन बसतात. नियम सोपा आहे: जोडणी नावावरून नको, सरकारी संकेतांकावरून हवी. जनगणना 2011 मध्ये बीडचा जिल्हा संकेतांक 523 आहे. संकेतांक नसलेली नोंद अंदाजाने न जोडता बाजूला काढून माणसाला दाखवावी.

चौथं, लिपी. इथे आपल्याला कुणी बाहेरचा मदत करणार नाही, म्हणून जरा थांबतो. 'बिऱ्हाड', 'दुसऱ्या', 'कऱ्हाडे' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ' हे एक अक्षरही असू शकतं किंवा 'अ'वर चंद्र ठेवूनही बनतं, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही. म्हणून कऱ्हाडे आडनावाची बाई यादीत असूनही शोधात सापडत नाही. देवनागरी अंकांचं तर आणखी विचित्र आहे. पायथॉन '१२' या अक्षरांचा आकडा बरोबर 12 करतो, जावास्क्रिप्टचं रूपांतर तिथे 'हा आकडाच नाही' असं सांगतं. ज्या प्रकल्पाचा मागचा भाग पायथॉनमध्ये आणि पुढचा जावास्क्रिप्टमध्ये आहे, तिथे एका टोकाला टेस्ट पास आणि दुसऱ्या टोकाला फॉर्म अडकतो. वर्णक्रमाचंही सांगावं लागतं: मराठीत ळ, क्ष, ज्ञ 'ह'नंतर येतात, युनिकोडच्या क्रमांकांनी लावलं तर ळ 'ल'च्या पाठीला येतो. आणि 'क्षी' हे आपल्याला एक अक्षर वाटलं तरी संगणकाच्या मोजणीत ते चार आहेत, म्हणून नाव अमुक अक्षरांवर कापणारा कोड मराठी नावाचा मधूनच तुकडा पाडतो.

अदृश्य चिन्हांची ही गोष्ट सुरक्षेशीही जोडलेली आहे. मार्च 2025 मध्ये पिलर सिक्युरिटी या कंपनीने दाखवून दिलं, की सूचना-फाइलीत अदृश्य युनिकोड चिन्हांच्या आड दुष्ट सूचना लपवता येतात. माणसाला फाइल निर्दोष दिसते, साहाय्यक मात्र लपलेली सूचना वाचून धोक्याचा कोड घालतो. दुसरीकडून उचललेली फाइल म्हणून डोळे मिटून वापरू नये. उपाय म्हणून सगळीच अदृश्य चिन्हं पुसून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. मराठी प्रकल्पात तो तसाच पाळला तर जोडचिन्हाने लिहिलेल्या 'बिऱ्हाड'मधला र बिघडतो. आधी तो शब्द 'ऱ'च्या रूपात बदलायचा आणि मग उरलेली चिन्हं काढायची, असा क्रम फाइलीत लिहायला हवा. दुसऱ्या भाषेसाठी बनलेली सूचना आपल्याकडे तपासून का घ्यावी लागते, ते इथे दिसतं.

फाइल मराठीत लिहावी की इंग्रजीत? मराठीच्या विरोधात एक खरा मुद्दा आहे: बहुतेक प्रारूपांत देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (यंत्र मजकूर मोजतं ते तुकडे) लागतात, म्हणजे तेवढीच सूचना जास्त जागा आणि पैसे खाते. बाजूने असलेला मुद्दा मला वजनदार वाटतो. कोयता, उचल, फेरफार, पोटखराबा यांचं इंग्रजी करताना अर्थ सांडतो, आणि ज्यांना ते शब्द माहीत आहेत त्यांनाच फाइल वाचता येत नाही. आज्ञा, फोल्डरांची रचना, टेस्ट कशी चालवायची हे इंग्रजीत ठेवायला हरकत नाही. कामाचे नियम आणि शब्दसंग्रह मात्र मराठीत असावा, आणि प्रत्येक शब्दापुढे कोडमध्ये त्याला कोणतं नाव द्यायचं तेही ठरवून टाकावं. नाहीतर एका फाइलीत कोयता इंग्रजी 'युनिट' होतो, दुसरीत 'कपल', तिसरीत 'वर्कर'.

काही गोष्टी फाइलीत नकोतच. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या नकोत, हे उघड आहे. खऱ्या माणसांची माहिती तर उदाहरणादाखलही नको. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, पण कायदा नसता तरी उचल घेतलेल्या मजुराचं नाव आणि कर्ज परदेशी सर्व्हरकडे जाणाऱ्या मजकुरात पडणं अन्यायाचंच ठरलं असतं. खरा आधार क्रमांक 0 किंवा 1 ने सुरू होत नाही. चाचणीचे सगळे क्रमांक 0 ने सुरू करायला सांगितलं, की त्यांतला एकही कुणाचा खरा क्रमांक असण्याची शक्यताच उरत नाही. आणि जे यंत्राने तपासता येतं ते विनंती करून मागू नये. कोडची मांडणी तपासायला साधनं आहेत, ती लावावीत. खरा डेटाबेस पुसू नकोस असं लिहिण्यापेक्षा साहाय्यकाला त्याची परवानगीच देऊ नये. फाइल ही सूचना आहे, कुलूप नव्हे, आणि साहाय्यक सूचना विसरू शकतो.

मनाई लिहावी तेव्हा कारणही लिहावं. 'नावावरून जोडू नकोस' एवढ्याने साहाय्यक जिल्ह्याची जोडणी टाळतो, पण गावांची नावावरूनच करतो. 'कारण एकाच नावाचे तालुके आणि गावं अनेक जिल्ह्यांत आहेत' हे जोडलं, की तो तोच विचार गावांना, शाळांना, सोसायट्यांना लावतो.

फाइल जुनी होते, आणि जुनी फाइल नसण्यापेक्षा वाईट, कारण साहाय्यक तिच्यावर विश्वास ठेवतो. ती कोडबरोबरच ठेवावी, म्हणजे कोणती ओळ कधी आणि का आली ते दिसतं. साहाय्यक एकच चूक दुसऱ्यांदा करेल तेव्हा एक ओळ वाढवावी. एखादी ओळ काढून तेच काम पुन्हा करून पाहावं, आणि काही फरक पडला नाही तर ती परत घालू नये. गाळप सुरू होण्याआधी, सप्टेंबरात, एकदा सगळी फाइल कामातल्या माणसांबरोबर बसून वाचावी. मुकादम, ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक यांना कोड कळायची गरज नाही. 'अर्धा कोयता म्हणजे काय लिहिलंय?' हा प्रश्न त्यांनाच विचारायचा असतो.

या कामाची पुढची पायरी मला जिल्ह्यापुरती वाटत नाही. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, जालना, छत्रपती संभाजीनगर या आठही जिल्ह्यांत वर्षाचे तेच चार अर्थ आहेत, तेच गुंठे आहेत, तोच अर्धा र आहे. अंबाजोगाईपासून नांदेडपर्यंतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला विद्यार्थी प्रकल्प करतात, आणि त्यांतले बरेच शेती, पाणी, शाळा यांवरच असतात. त्या सगळ्यांना हीच माहिती प्रत्येक वेळी नव्याने शोधावी लागते. तिची एक सामायिक, खुली फाइल महाविद्यालयांनी मिळून करावी: वर्षं, मोजमापं, गावांचे संकेतांक, नामांतरांच्या तारखा, लिपीचे नियम, शब्दसंग्रह, आणि प्रत्येक नियमाखाली तपासता येतील अशी उदाहरणं. प्रत्येक प्रकल्पाने तिच्याकडे एका ओळीत बोट दाखवावं आणि आपल्यापुरतं वेगळं असेल तेवढंच खाली लिहावं. सुरुवात पीकविम्याच्या चार उदाहरणांपासून करता येईल. त्यांना एक दुपार पुरते.